गर्भाशयातील गाठी आणि बाळंतपण : भीती नको, माहिती हवी

(संस्थेच्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय छापून आला तेव्हा दोघी-तिघींनी मला विचारले, "ताई, तुम्ही बँकेत नोकरी करता. हा विषय डॉक्टरांचा नाही का?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवीधर आहे आणि बँकेत कारकून आहे. काउंटरवर पैसे मोजणे, व्हाऊचर तपासणे, पासबुक भरून देणे हे माझे रोजचे काम. परंतु ज्या आजाराविषयी मी आज बोलणार आहे तो मी स्वतः काही वर्षे अंगावर काढला. त्यानंतर वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले आणि जे समजले ते वहीत टिपून ठेवले. ती वही घेऊनच आज तुमच्यासमोर उभी आहे. औषध कोणते घ्यायचे हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचे काम आहे. डॉक्टरांकडे केव्हा जायचे आणि त्यांना काय विचारायचे, एवढेच मी सांगणार आहे.

सभागृहात पुरुष मंडळी बसली आहेत, मुलेही आहेत. पाळी, पिशवी हे शब्द माईकवर ऐकून काहींनी माना खाली घातल्या आहेत, ते मला दिसते आहे. माझी विनंती आहे की आज माना वर ठेवा. लाजेपायी आपण हे शब्द बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे आपल्या घरातल्या बायकांचे रक्त जाते. हे मी शब्दशः सांगते आहे.

माझी हकिकत

माझे लग्न झाले तेव्हा मी पंचविशीत होते. पाळी सात-आठ दिवस चालायची. गुठळ्या पडायच्या. त्या दिवसांत गडद रंगाची साडी नेसून कामावर जायचे आणि खुर्चीवरून उठताना आधी मागे पाहायचे. माहेरी आईला सांगितले तर ती म्हणाली, "आपल्या घरात सगळ्यांनाच असे जाते. मलाही जायचे." सासरी सासूबाई म्हणाल्या, "एक बाळंतपण झाले की सगळे सुरळीत होते." दोघींनीही मायेनेच सांगितले. पण त्यामुळे माझी तीन वर्षे गेली. जिना चढताना धाप लागायची ती दमल्यामुळे लागते असे मी समजत होते. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठच्याही खाली होते.

२००८ साली मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. मग शोध सुरू झाला, तो कारणाचा नव्हता, दोषाचा होता. कोणी म्हणाले पाण्याची कळशी उचलली, कोणी म्हणाले बसने प्रवास केला. एका नातेवाईक बाईंनी तर करणीचाही विषय काढला. त्यानंतर पहिल्यांदा सोनोग्राफी झाली आणि पिशवीत दोन गाठी असल्याचे कळले. एक सहा सेंटीमीटरची, दुसरी लहान.

ज्या खाजगी दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तेथे रिपोर्ट पाहून पाच मिनिटांत सांगण्यात आले, "पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल." माझे वय त्या वेळी २८ होते. पदरात मूल नव्हते. मी घरी येऊन रडले. माझे यजमान फार बोलणारे नाहीत, पण त्या रात्री ते म्हणाले, "बँकेत एका सहीवर पैसे देतात का? दुसऱ्या अधिकाऱ्याची सही लागते ना? मग इथेही दुसऱ्या डॉक्टरांना विचारू." त्या एका वाक्याने माझे आयुष्य बदलले. दुसऱ्या ठिकाणी, एका सरकारी रुग्णालयात, वयस्कर डॉक्टरबाईंनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "ही कॅन्सरची गाठ दिसत नाही. आधी रक्त वाढवू, मग पुढचे बघू."

गाठ म्हणजे काय?

त्या डॉक्टरबाईंनी मला जे समजावले ते थोडक्यात सांगते. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्या स्नायूंतील एखादी पेशी वाढू लागते आणि तिचा गोळा तयार होतो. त्याला फायब्रॉईड म्हणतात. आपण साध्या भाषेत गाठ म्हणतो. ती वाटाण्याएवढी असू शकते, लिंबाएवढी असू शकते आणि काही वेळा नारळाएवढीही होते. एक असेल किंवा अनेक असतील. शरीरातील स्त्री-संप्रेरकांवर ती वाढते. म्हणून पाळी सुरू होण्याआधी ती सहसा आढळत नाही आणि पाळी बंद झाल्यावर बहुधा आक्रसते. आईला किंवा बहिणीला गाठी असतील तर आपल्याला होण्याची शक्यता जास्त. "आपल्या घरात सगळ्यांनाच असे जाते" हे माझ्या आईचे वाक्य एका अर्थी बरोबरच होते. फक्त त्यातून काढायचा निष्कर्ष "सहन कर" असा नव्हता, "तपासून घे" असा होता.

या गाठी किती सर्रास असतात? अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना केव्हा ना केव्हा गाठी होतात. यातल्या अनेकींना आपल्याला गाठ आहे हे कधी कळतही नाही, कारण त्रासच होत नाही. तेव्हा गाठ होणे हे पाप नाही, शाप नाही आणि कोणाची करणी तर नाहीच नाही.

आता कॅन्सरचे. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर असतो, पण तो अत्यंत विरळा. साधी गाठ पुढे कॅन्सरमध्ये बदलते असे सहसा घडत नाही. गाठ फार झपाट्याने वाढत असेल किंवा पाळी बंद झाल्यानंतर वाढत असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जात असेल, तर तपास तातडीने करायलाच हवा. पण अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला "कॅन्सर होईल" अशी भीती घालून पिशवी काढायला लावणे याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही.

जागा महत्त्वाची

गाठ केवढी आहे यापेक्षा ती कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे, हा मुद्दा विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावा. एखाद्या खोलीची कल्पना करा. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला फुगवटा आला तर खोलीत राहणाऱ्याला त्याचा त्रास नाही. भिंतीच्या आतच फुगवटा असला तर थोडी जागा कमी होते. पण आतल्या बाजूने, गिलाव्याखालून फुगवटा खोलीत आला तर राहणाऱ्याची अडचण होते. गर्भाशयाचे तसेच आहे. बाहेरच्या आवरणाखालच्या गाठी गर्भाला बहुधा त्रास देत नाहीत. भिंतीतल्या गाठी मोठ्या असतील तर त्रास देऊ शकतात. आतल्या अस्तराखालच्या गाठी मात्र लहान असल्या तरी पाळीत जास्त रक्त जाणे, गर्भ न रुजणे, अशा तक्रारी निर्माण करू शकतात. काही गाठी देठाला लटकलेल्या असतात आणि काही गर्भाशयाच्या मुखाजवळ असतात. म्हणून सोनोग्राफीचा कागद हाती आला की डॉक्टरांना विचारावे, "गाठी किती आहेत? केवढ्या आहेत? आणि कोठे आहेत?" हे तीन प्रश्न पाठ करा.

गरोदरपणात काय होते?

गरोदर स्त्रियांच्या सोनोग्राफीत शंभरात अंदाजे दोन ते दहा जणींना गाठी दिसतात. त्यातल्या बहुसंख्य जणींचे, म्हणजे शंभरातल्या सत्तर ते नव्वद जणींचे, दिवस गाठीमुळे काही वेगळा त्रास न होता पार पडतात. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण गाठ म्हटले की घरात सुतक आल्यासारखे वातावरण होते. "गाठ आहे म्हणजे मूल होणार नाही" हे खरे नाही. "गाठ बाळाचे रक्त पिते" हेही खरे नाही.

गरोदरपणात गाठ वाढतच जाते असाही समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याच गाठी आहेत तेवढ्याच राहतात, काही थोड्या लहानही होतात. ज्या वाढतात त्या बहुधा पहिल्या तीन महिन्यांत वाढतात.

गर्भपाताविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण याच बाबतीत बाईला सर्वाधिक बोल लावला जातो. जुन्या अभ्यासांची बेरीज केली तर गाठी असलेल्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण जास्त दिसत असे. परंतु २०१७ साली अमेरिकेत साडेपाच हजारांवर गर्भवतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वय आणि इतर गोष्टी लक्षात घेऊन हिशेब मांडला, तेव्हा गाठीमुळे गर्भपाताचा धोका वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे अनेकदा गाठ ही जवळ उभी होती म्हणून तिच्यावर आळ आला. माझ्या बाबतीतही डॉक्टरबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, "तुझा गर्भ गाठीमुळेच पडला असे मी छातीठोक सांगू शकत नाही. अनेक गर्भपात गर्भाच्या जडणघडणीतल्याच दोषाने होतात." कळशीने नाही, बसने नाही. हे ऐकल्यावर माझ्या मनावरचे ओझे उतरले.

आता ज्या अडचणी येऊ शकतात त्या सांगते.

पहिली, पोटात दुखणे. पाच सेंटीमीटरहून मोठ्या गाठींत हे अधिक आढळते. गाठीला रक्तपुरवठा कमी पडतो आणि ती आतून खराब होऊ लागते. हे बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात होते. एका जागी तीव्र दुखते, बारीक ताप येतो, मळमळते. मला पाचव्या महिन्यात असेच दुखले. शेजारच्या बायका जमल्या, कोणी म्हणे आता ऑपरेशनच, कोणी म्हणे बाळ गेले. रुग्णालयात दाखल केले. विश्रांती, सलाईन आणि डॉक्टरांनी दिलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या यांवर चार-पाच दिवसांत दुखणे थांबले. बाळाचे ठोके उत्तम होते. हे दुखणे बहुतेक वेळा असेच शमते. मात्र येथे एक इशारा देते. दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने आणून गरोदर बाईला देऊ नका. विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

दुसरी, बाळाची स्थिती. गाठीने जागा अडवली तर बाळाला फिरून डोके खाली आणता येत नाही. ते पायाळू राहते किंवा आडवे राहते. जुन्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात गाठी असलेल्या शंभरांपैकी सुमारे तेरा जणींची बाळे डोके खाली न आलेली आढळली. गाठी नसलेल्यांत हे प्रमाण साडेचारच्या आसपास होते. माझे बाळही पायाळूच होते. आजी म्हणाली, "पायाळू मूल नशीबवान." असेल, पण त्यासाठी सिझर करावे लागले.

तिसरी, मुदतीपूर्वी कळा येणे. चौथी, वारेची अडचण. गाठीवरच वार रुजली असेल तर ती वेळेआधी सुटून रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढतो. वार खाली, गर्भाशयाच्या मुखावर येण्याचे प्रमाणही थोडे अधिक दिसते. पाचवी, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. बाळ बाहेर आल्यावर पिशवीने घट्ट आवळून आपल्या रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात. गाठ मध्ये असेल तर ती नीट आवळत नाही आणि रक्त जात राहते. हे सर्व धोके सरासरीपेक्षा थोडे जास्त आहेत, ठरलेले नाहीत. म्हणून गाठ असलेल्या बाईचे बाळंतपण घरी किंवा जेथे रक्ताची व ऑपरेशनची सोय नाही तेथे करू नये. गाठ आहे म्हणून प्रत्येकीचे सिझरच होते असेही नाही. गाठ वाटेत नसेल आणि बाळ सरळ असेल तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते.

माझ्या सिझरच्या वेळी रक्त बरेच गेले. दोन बाटल्या द्याव्या लागल्या. माझ्या शाखेतले दोन सहकारी रक्तपेढीत जाऊन उभे राहिले. त्यातले एक आमचे शिपाई होते. त्यांचे ऋण मी कसे फेडणार? येथे बसलेल्या तरुणांना मी एवढेच सांगते की रक्तदान शिबिराला जाता तेव्हा केवळ प्रमाणपत्रासाठी जाऊ नका. तुमची बाटली अशाच एखाद्या बाळंतिणीच्या खाटेजवळ लटकते.

गाठ काढावी का आणि केव्हा?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. त्रास नसेल तर काढायची गरज नाही, लक्ष ठेवायचे. पाळीत जास्त जात असेल तर गोळ्या आणि इतर उपाय आहेत. मूल हवे असेल आणि गाठ गर्भाची जागा बिघडवत असेल तर नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते. आतल्या बाजूची गाठ तर काही वेळा पोट न फाडता, खालच्या मार्गाने दुर्बीण घालून काढतात.

पिशवी वाचवून गाठी काढण्याची ही शस्त्रक्रिया रूढ करण्यात इंग्लंडचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १८७२ चा आणि मृत्यू १९५३ चा. स्त्रीला मूल होण्याची आशा असेल तर तिचे गर्भाशय राखले पाहिजे हा आग्रह त्यांनी धरला. शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून त्यांनी तयार केलेला चिमटा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांना साधली ती आपल्या लेकींना आज नाकारली जाऊ नये.

गाठ काढल्यावर पिशवीवर टाके असतात. जखम भरायला वेळ द्यावा लागतो. साधारण तीन ते सहा महिने दिवस जाऊ देऊ नका असे डॉक्टर सांगतात. पुढच्या बाळंतपणात तो जुना वण फाटण्याचा धोका फार थोडा, पण असतो. म्हणून ऑपरेशनचा कागद जपून ठेवावा आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावा. गरोदर असताना गाठ काढायचे शक्यतो टाळतात. सिझर करताना "आता पोट उघडलेच आहे तर गाठही काढा" असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये. त्या वेळी गर्भाशयाला भरपूर रक्तपुरवठा असतो आणि गाठ कापली तर रक्तस्राव आवरणे कठीण होऊ शकते. काही निवडक वेळीच डॉक्टर ते करतात, तो निर्णय त्यांचा. माझी गाठ तेव्हा काढली नाही. बाळंतपणानंतर ती बरीच लहान झाली. आजही आहे. वर्षातून एकदा तपासून घेते. आम्ही दोघी गुण्यागोविंदाने राहतो आहोत.

गाठ विरघळवतो असे सांगून पुड्या आणि काढे विकणारेही आपल्या वस्त्यांत फिरतात. त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. गरोदर बाईच्या पोटात असे अनोळखी औषध जाऊ देऊ नका.

पिशवी काढण्याचा बाजार

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला यातना होतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या त्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकजणी तरुण होत्या. फडात सुट्टी नाही, खाडा झाला तर दंड, राहायला कोपी, न्हाणीघर नाही, संडास नाही. पाळी हीच अडचण वाटू लागली, आणि "काढून टाका" म्हणणारे भेटले. या बायका कोण? आपल्याच गोरगरीब, भूमिहीन घरांतल्या. लवकर पिशवी काढली तर मूल होत नाही एवढेच नव्हे, पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर ऐन तारुण्यात म्हातारपणाच्या तक्रारी सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात. बीजकोश ठेवले तरी ते काही वेळा लवकर थकतात.

या प्रश्नावर २०२२ साली केंद्र सरकारने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात असा आदेश दिला. कागदावर न्याय आला. तो वस्तीपर्यंत आणण्याचे काम आपले आहे. पिशवी काढणे काही वेळा खरोखर आवश्यक असते, त्याला माझा विरोध नाही. पण दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय कोणत्याही बाईने कागदावर सही किंवा अंगठा करू नये.

आपण काय करावे?

पासबुकात जशी प्रत्येक व्यवहाराची नोंद असते तशी पाळीची नोंद ठेवा. तारीख, किती दिवस, गुठळ्या पडल्या का. सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागत असेल तर ते "घरात सगळ्यांनाच जाते" म्हणून सोडू नका.

रक्त तपासा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदर स्त्रियांत हे प्रमाण ५२ टक्क्यांवर होते. ज्या बाईला गाठ आहे आणि रक्तही कमी आहे, तिला बाळंतपणात थोडासा रक्तस्रावही जड जातो. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली जाऊ देऊ नये. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लिंबू-पाण्याबरोबर घेतल्या तर चांगल्या लागू पडतात. शौचास काळे होते म्हणून गोळ्या फेकून देऊ नका, ते नेहमीचेच आहे.

सोनोग्राफीला घाबरू नका. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण गाठ पाहण्यासाठी आणि बाळाची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी आवश्यक आहे. गाठ असेल तर पोट महिन्यांपेक्षा मोठे दिसू शकते, त्यामुळे नुसत्या अंदाजावर तारीख धरू नका.

सरकारी सोयी माहीत करून घ्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी करण्याची योजना आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधे आणि रक्तही विनामूल्य मिळायला हवे. नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि गरोदरपणातील आजारासाठी एक महिन्याची जादा पगारी रजा दिली. २०१७ मध्ये प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या गेल्या. मला गर्भपातानंतर ही रजा असते हेच ठाऊक नव्हते. चार दिवसांनी मी काउंटरवर बसले होते. बँकेत काम करणाऱ्या बाईची ही स्थिती, तर इतरांचे काय?

रक्त जाणे, सतत असह्य दुखणे, पाणी जाणे, ताप, चक्कर, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बचत गटाच्या भगिनींना सुचवते की प्रत्येक गर्भवतीच्या नावाने पहिल्या महिन्यापासून थोडी रक्कम रिकरिंगमध्ये टाका आणि तिच्या रक्तगटाचे दोन दाते आधीच ठरवून ठेवा.

पुरुष बांधवांना शेवटची विनंती. पत्नीबरोबर दवाखान्यात जा, बाहेर स्कूटरवर बसून राहू नका. आत या, डॉक्टरांचे ऐका, प्रश्न विचारा. माझ्या घरात एका माणसाने एका रात्री एक साधा प्रश्न विचारला, "दुसऱ्या डॉक्टरांना विचारू या का?" त्या प्रश्नामुळे माझी मुलगी जन्माला आली. ती आज मागच्या रांगेत तुमच्यातच बसली आहे. तिलाही मी पाळीची वही करून दिली आहे. माझ्या आईने मला "सहन कर" असे सांगितले होते, मी माझ्या मुलीला "सांग" असे सांगितले आहे. आपण प्रत्येकीने आपल्या लेकीला, सुनेला आणि शेजारणीला एवढा एक शब्द सांगितला तर आजचा मेळावा सार्थकी लागला असे मी समजेन.